कलप सोडताना : डोक्यावरची पांढरी पट्टी मोडायची कशी?

कलप लावणे थांबवले की साधारण तिसऱ्या आठवड्यात भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी डोकावू लागते. दोन महिन्यांत ती चांगली बोटभर रुंद होते. वर पांढरे, खाली काळेभोर. जुन्या शाळेची किंवा सरकारी कचेरीची भिंत आठवा. खाली कमरेइतका गडद ऑइलपेंट आणि वर चुना. दोन्ही रंग आपापल्या जागी वाईट नसतात, पण मधली सरळ रेघ नजरेला टोचते. या रेघेला घाबरून कितीतरी मंडळी कलप सोडायचा निश्चय करतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा वाटीत रंग कालवायला बसतात.

‘या पट्टीचे काय करायचे?’ असे विचारणारी पत्रे या सदराकडे अधूनमधून येतात. प्रश्न पार्लरचा आहे, आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. त्वचारोगाच्या दवाखान्यात रोज बसणाऱ्या माणसाला तसे वाटत नाही. कारण ज्यांनी कलप सोडलाच पाहिजे अशा रुग्णांची वाट बहुधा ही पट्टीच अडवते.

एक उदाहरण सांगते. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, त्या डोळे जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत. पापण्या सुजून फुगलेल्या, कानांच्या पाळ्यांतून पाणी गळत होते, कपाळाच्या कडेने बारीक फोडांची रांग. दोन दिवसांपूर्वी कलप लावला होता. गेली चौदा वर्षे त्या तोच कलप लावत होत्या. “डॉक्टरबाई, इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. औषधे दिली, आठ-दहा दिवसांत सगळे बसले. यापुढे कलप बंद, असे बजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांनी पुन्हा तशीच सूज घेऊन हजर! भाच्याचे लग्न होते. आधी ॲलर्जीच्या दोन गोळ्या घेतल्या आणि मग कलप लावला. “अर्धं पांढरं, अर्धं काळं डोकं घेऊन लग्नात कशी मिरवू? आणि वर्गात? पोरं फळ्याकडे बघायची सोडून माझ्या डोक्याकडे बघतात हो.”

गोळी घेऊन कलप लावणारे बरेच जण आहेत. त्यात पुरुषही आहेत. ते डोक्यापेक्षा मिशीसाठी जास्त हट्टी असतात. गोळीने खाज थोडी कमी होते, पण प्रतिक्रिया थांबत नाही. ती दर वेळी वाढत जाण्याची भीती असते.

असे का होते हे समजून घेण्यासाठी कलपाच्या डब्यात काय असते ते पाहू. काळ्या आणि गडद तपकिरी रंगाच्या बहुतेक टिकाऊ कलपांचा प्राण म्हणजे पॅराफिनिलिनडायमिन नावाचे रसायन. एवढे मोठे नाव घेण्यापेक्षा सगळे त्याला ‘पीपीडी’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. १९०७ साली युजीन शूलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अशा रसायनांपासून केसांचा रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच लोरियाल ही कंपनी उभी राहिली. शंभरावर वर्षे लोटली, पण मूळ युक्ती तीच आहे. पीपीडीचे कण अगदी लहान आणि जवळजवळ रंगहीन असतात. अमोनियासारखे क्षारयुक्त द्रव्य केसावरचे खवले उघडते, त्यातून ते आत शिरतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे एकमेकांशी संयोग होऊन मोठे, रंगीत कण तयार होतात. हे मोठे कण आत अडकतात, म्हणून धुतले तरी रंग जात नाही.

अडचण या मधल्या अर्ध्या तासात होते. लहान कण केसात शिरतात तसे टाळूच्या कातडीतही शिरतात. एखाद्याचे शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकणे पहिल्या वेळी होईल किंवा चौदाव्या वर्षी होईल. एकदा शिकले की ते बहुधा जन्मभर विसरत नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा मुद्दा इथे उपयोगाचा नाही. कलप लावल्यानंतर एक ते तीन दिवसांत कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला खाज सुटते, पुरळ येते, पापण्या सुजतात. टाळूपेक्षा पापण्या आणि कान जास्त बोंबलतात, कारण तिथली कातडी पातळ असते. क्वचित कुणाला लगेचच धाप लागते, ओठ-जीभ सुजते. अशा वेळी दवाखान्याची वेळ पाहत बसू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे.

पीपीडी पोटात गेले तर ते जहाल विष आहे, हेही इथेच सांगून ठेवते. घसा आणि मान सुजून श्वास कोंडतो, स्नायू वितळू लागतात, मूत्रपिंडे बंद पडतात. आपल्या देशात कलप पिऊन झालेल्या अशा मृत्यूंच्या नोंदी अनेक राज्यांतल्या रुग्णालयांत आहेत. घरात मुले असतील, किंवा कुणी मनाने खचलेले असेल, तर कलपाची बाटली कुलपात असावी. चुकून एखादा घोट गेला तरी ‘बघू सकाळी’ म्हणू नये.

आता ‘आम्ही हर्बल वापरतो’ म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबूस असतो. त्यात नीळीच्या पानांची पूड मिसळून काळपट छटा आणता येते, पण त्याला वेळ लागतो, मेहनत लागते. जी ‘काळी मेंदी’ अर्ध्या तासात केस काळेकुट्ट करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी असतेच. लग्नसराईत, जत्रेत मुलांच्या हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढतात, तिथूनही ही ॲलर्जी जडते आणि ते मूल मोठेपणी पहिल्यांदा कलप लावते तेव्हा तोंड सुजते. ‘अमोनियामुक्त’ या शब्दानेही हुरळून जाऊ नये. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. पीपीडीच्या कलपावर ‘आधी कातडीवर चाचणी करावी, भुवया व पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते’ अशा अर्थाची सूचना छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना दिसली की ‘हर्बल’ या शब्दाचा अर्थ आपल्याला कळला!

कर्करोगाचेही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या विषयाचा दोनदा आढावा घेतला. घरी स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांना कर्करोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. मात्र केशकर्तनाचा धंदा करणाऱ्यांचा रसायनांशी येणारा संबंध तिने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा खुर्चीमागे उभी असलेली मुलगी जास्त जोखीम उचलते. तिने हातमोजे घातले नसतील तर आपणच आग्रह धरावा.

असो. कलप सोडायचा ठरला, आता पट्टीकडे वळू.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेल, शाम्पू, गोळ्या यांपैकी कशानेही हा वेग दुप्पट होत नाही. खांद्यापर्यंतचे, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर केस असतील तर जुना रंग पूर्ण उतरायला अडीच वर्षे लागतील. कमरेपर्यंतच्या वेणीला चार-पाच वर्षे. पुरुषाचे बारीक केस चार-सहा महिन्यांत मोकळे होतात, म्हणून पुरुषांसाठी माझा सल्ला सरळ आहे. दोन-तीन वेळा बारीक कापा आणि विषय संपवा. ज्या स्त्रियांची केस आखूड करायची तयारी आहे त्यांचेही काम सहा-आठ महिन्यांत होते. २०२० च्या टाळेबंदीत सलूने बंद होती तेव्हा कित्येकांचे पांढरे केस आपोआप वाढले, आणि घरातच असल्यामुळे कुणाला लाजही वाटली नाही. त्यातले काही पुन्हा कलपाकडे वळलेच नाहीत.

पण दर वेळी टाळेबंदी कुठून आणायची? आणि लांब केस कापणे हा बऱ्याच बायकांच्या जिवावरचा प्रसंग. त्यांच्यासाठी हायलाइट्सचा मार्ग आहे. याचे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या नट्यांचे सोनेरी झुपके येतात. इथे तसे काही करायचे नाही. आडवी रेघ उभ्या रेघांनी मोडायची, एवढाच त्यातला विचार आहे. मुळाशी आलेले पांढरे केस तसेच ठेवायचे आणि खालच्या काळ्या, रंगवलेल्या भागातल्या काही बारीक बटा फिकट करायच्या. म्हणजे वरचा पांढरेपणा काही ठिकाणी खालपर्यंत ओघळल्यासारखा दिसतो. पांढरे कुठे संपले आणि काळे कुठे सुरू झाले ते नजरेला चटकन सापडत नाही. पुढे केस वाढतात तेव्हाही नवी रेघ उमटत नाही, कारण रेघच उरलेली नसते.

यात आरोग्याच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच हा लेख आहे. केस फिकट करायला जे ब्लीच वापरतात त्यात पर्सल्फेट क्षारांची पूड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते, पीपीडी नसते. शिवाय बटा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात, म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळून रंगवतात. हात सावध असेल तर रसायन टाळूला लागतच नाही. केसाचा जो भाग बाहेर असतो तो निर्जीव असतो, ॲलर्जी होते ती कातडीला. म्हणून पीपीडीची ॲलर्जी असलेल्या माणसालाही, योग्य काळजी घेऊन, हा मार्ग मोकळा राहतो. आधीच्या कलपाचा केसात अडकलेला, पूर्ण पक्का झालेला रंग सहसा त्रास देत नाही, त्यामुळे जुने केस घाईने कापण्याचीही गरज नसते.

पद्धत थोडक्यात अशी. कोरड्या केसांचे चार भाग करून चिमट्यांनी बांधतात. प्रत्येक भागातून पातळ थर उचलतात आणि शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने त्यातल्या काही बटा वर, काही खाली अशा विणून घेतात. वर आलेल्या बटांखाली फॉइल सरकवायचे, ब्रशने ब्लीच लावायचे, फॉइल दुमडायचे. बटा जितक्या बारीक तितका परिणाम नैसर्गिक. जाड बटा काढल्या तर डोके पट्ट्यापट्ट्यांचे दिसते. ब्लीच टाळूपासून निदान अर्धे बोट खाली सुरू व्हावे. आपल्याला त्यात तोटा काहीच नाही, कारण मुळाशी पांढरे आलेलेच आहे. कपाळालगत आणि कानशिलांवर पांढरे जास्त असतात, तिथे बटा दाट घ्याव्यात. मागच्या बाजूला बहुतेकांचे केस बराच काळ काळे राहतात, तिथे थोड्याच पुरतात. वेणीची टोके तर सोडूनच द्यावीत, ती पुढे कापून जायचीच आहेत. फॉइल न लावता नुसत्या ब्रशच्या फटकाऱ्यांनी बटा रंगवण्याची एक फ्रेंच पद्धत आहे, तिला बलायाज म्हणतात. ती सुरेख दिसते, पण तिला हात कसलेला लागतो. रबरी टोपीच्या भोकांतून आकड्याने केस ओढून काढायची जुनी पद्धतही काही ठिकाणी चालते. ती आखूड केसांना ठीक, लांब केसांना नुसता छळ.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पार्लरमध्ये भांडण होणार नाही. कलप लावलेला काळा केस एका बैठकीत पांढरा होत नाही. मूळचा काळा रंग ब्लीचने उतरताना आधी तांबूस-तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. वर्षानुवर्षे चढवलेला कलप त्याहून चिवट असतो. पहिल्या बैठकीनंतर बटा तांब्याच्या रंगाच्या दिसल्या तर काम बिघडले असे नाही. त्यावर राखाडी झाक देणारा टोनर लावून तांबडेपणा मारतात. दोन-अडीच महिन्यांनी दुसरी बैठक, गरज वाटली तर तिसरी. एका दिवसात अख्खे डोके पांढरे करून देतो, असे कुणी म्हणाले तर तिथून उठावे. तेवढे ब्लीच सोसणारा केस मी तरी पाहिलेला नाही. तो रबरासारखा ताणतो आणि तुटतो.

पेरॉक्साइड किती तीव्रतेचे आहे तेही विचारावे. पार्लरच्या भाषेत त्याचे ‘व्हॉल्यूम’ असतात. वीस व्हॉल्यूम म्हणजे सहा टक्के, तीस म्हणजे नऊ, चाळीस म्हणजे बारा टक्के. फॉइलमध्ये वीसने काम भागते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. वेळ वाचवायला चाळीस वापरणे आणि वर गरम हवेचे यंत्र लावणे, हे भाजण्याला आमंत्रण आहे. हायलाइट्स करताना टाळू भाजून तिथे कायमची टक्कल पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. फॉइल डोक्यावर असताना थोडे चुरचुरले तर चालते का, असे मला विचारतात. नाही चालत. चुरचुरले की लगेच सांगावे आणि तेवढे फॉइल काढून पाण्याने धुवायला लावावे. ताई नाराज होतील म्हणून गप्प बसू नये.

टोनर हाच पीपीडीवाल्यांसाठी खड्डा आहे. ब्लीचमध्ये पीपीडी नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि शेवटी दहा मिनिटांचा टोनर लावतात त्यात नेमके ते किंवा त्याचे भावंड असते. पॅराटोल्युइनडायमिन हे त्याचे भावंड, पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. त्यामुळे ज्यांना ॲलर्जी सिद्ध झाली आहे त्यांनी पेरॉक्साइड न मिसळता नुसता वरवर चढणारा रंग, किंवा जांभळ्या रंगाचा शाम्पू, एवढ्यावरच भागवावे. जांभळा रंग पिवळेपणा खातो. कापडाला नीळ घालतात त्यातलाच हा प्रकार. ‘लोलाइट्स’ नावाचा उलटा प्रकारही आहे. त्यात पांढऱ्यांमध्ये काही बटा गडद करतात. पांढरे फार झालेल्यांना तो शोभतो, पण गडद रंग म्हणजे पुन्हा कलपच. ॲलर्जी नसलेल्यांनी खुशाल करावा, असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्या शिक्षिकाबाईंची मी आधी पॅच टेस्ट केली. पाठीवर एक टक्का पीपीडीचा मलम पट्टीखाली अठ्ठेचाळीस तास ठेवतात, पट्टी काढून पाहतात आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्यांची जागा लालबुंद होऊन फुगली, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. नंतर टाळू पूर्ण बरी होईपर्यंत दीड महिना काहीही करू दिले नाही. सुजलेल्या, ओरखडलेल्या कातडीवर ब्लीचचा थेंबही नको. मग त्या त्यांच्या पार्लरवाल्या मुलीलाच घेऊन दवाखान्यात आल्या. कुठली बाटली वापरायची, कुठली नाही, हे मी तिला कागदावर लिहून दिले. मुलगी हुशार होती. तिने आधी कानामागची एकच बट घेऊन करून पाहिली, आणि ती तुटत नाही असे दिसल्यावर आठवड्याने पुढचे काम केले. दिवाळीच्या सुट्टीत पहिली बैठक, उन्हाळ्यात दुसरी. मधल्या काळात बाईंनी भांग सरळ न पाडता थोडा नागमोडी पाडायला सुरुवात केली. हा फुकटातला उपाय आहे, पण पट्टी निम्मी झाकतो.

ही बटेची चाचणी कुणीही चुकवू नये. विशेषतः ज्यांच्या केसांत आधी काय काय जाऊन बसले आहे याचा नेम नाही, त्यांनी. आपल्याकडे एकाच डोक्यावर वर्षभरात मेंदी, काळी मेंदी, पाकिटातला कलप आणि दुकानदाराने दिलेले कसलेसे तेल असे सगळे नांदते. नीळ चढलेल्या केसाला ब्लीच लागले की हिरवट छटा येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे धातूंचे क्षार. रोज थोडे लावा आणि केस हळूहळू काळे करा, असे सांगून विकल्या जाणाऱ्या काही पाण्यांत किंवा तेलांत शिशाचे किंवा चांदीचे क्षार असतात. त्यांचा पेरॉक्साइडशी संबंध आला की केस गरम होतो, कधी वाफ निघते, आणि तुटून हातात येतो. शिसे तर कातडीला आणि शरीरालाही नकोच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केसांच्या रंगातली शिशाच्या क्षाराची परवानगी २०१८ साली मागे घेण्याचा निर्णय केला. म्हणून पार्लरमध्ये गेल्यावर ‘काही लावत नाही हो’ असे लाजून सांगू नये, दोन वर्षांत जे जे लावले ते सगळे सांगावे.

काही जणांनी हा उद्योग करूच नये किंवा पुढे ढकलावा. ज्यांना दमा आहे त्यांनी ब्लीचची पूड कालवतात त्या बंद खोलीत बसू नये. पर्सल्फेटची धूळ दमा उठवते, आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींना तर या धुळीनेच नव्याने दमा जडतो. टाळूवर सोरायसिस, इसब किंवा जखमा असतील तर आधी त्यांचा इलाज. गरोदर स्त्रियांचे विचाराल तर केसांच्या रंगातले फारच थोडे टाळूतून रक्तात जाते आणि फॉइलमधल्या बटांतून त्याहून कमी. तरीही पहिले तीन महिने थांबावे, असे बहुतेक डॉक्टर सांगतात आणि मीही सांगते. आजारातून किंवा बाळंतपणातून उठल्यावर केस झडत असतील, तेव्हाही ब्लीच नको.

पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले असतील तर पार्लरच्या आधी दवाखान्यात यावे. बरेचदा ते घराण्यातच असते, आई-वडिलांचे केस आठवले की उत्तर मिळते. पण काहींमध्ये ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा बिघाड सापडतो. शुद्ध शाकाहारी घरांत, त्यातही दूधदुभते कमी असेल तर, ब १२ कमी असणे अगदी सर्रास आढळते. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते आणि हातापायांच्या मुंग्या, थकवा यांचाही उलगडा होतो. सिगारेट ओढणाऱ्यांचे केस लवकर पांढरे होतात हेही खरे. ‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे आपण अनुभवाच्या तोऱ्यात म्हणतो. काहींचे ते धुरात झालेले असतात!

खर्चाचा विचारही करावा लागतो, नाहीतर हा लेख फक्त पैसेवाल्यांचा होईल. घरच्या कलपाच्या पाकिटापुढे फॉइलचे काम महागच. मात्र पाकीट दर महिन्याला लागते आणि हे काम वर्षातून दोनदा. ज्यांना तेही झेपत नाही त्यांनी एक करावे. शुद्ध मेंदीच्या पानांची पूड, तीही घरी वाळवून वाटलेली किंवा खात्रीच्या दुकानातली, फक्त मुळाच्या पांढऱ्या भागावर लावावी. केस तांबूस होतील, पण पांढऱ्या-काळ्यातली दरी अरुंद होईल. मेंदीची ॲलर्जी क्वचितच होते. मात्र जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी मेंदीने फुटू शकतात, म्हणून अशा मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मेंदी लावू नये. आणि एकदा मेंदी चढवली की नंतर हायलाइट्स करणे अवघड जाते, तेव्हा दोन्हींतला एक रस्ता आधीच ठरवावा.

ब्लीच केलेल्या बटांची निगा साधी आहे. त्यांचे खवले उघडे पडलेले असतात, पाण्याने त्या लवकर फुगतात आणि विंचरताना तुटतात. न्हाण्याआधी अर्धा-एक तास खोबरेल तेल लावावे. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून निघून जाणारे प्रथिन कमी करण्यात एकटे खोबरेल उपयोगी ठरले, ब्लीच केलेल्या केसांतही. म्हणजे आजीचा डबा बरोबर होता. केस ओले असताना बारीक दातांचा कंगवा फिरवू नये, आधी बोटांनी गुंता सोडवावा. पुढच्या बैठकीत ब्लीच फक्त न केलेल्या बटांनाच लावायला सांगावे, त्याच बटांवर दुसऱ्यांदा नको. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदाच, नाहीतर पांढऱ्या केसांवर फिकी जांभळी झाक राहते आणि घरातली नातवंडे लगेच विचारतात, “आजी, हे काय लावलंस?”

पॅच टेस्टला येणार असाल तर आदल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असल्यास तसे आधी कळवावे, त्यांनी चाचणीचा निकाल दबतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत. सध्या वापरात असलेल्या कलपाचे रिकामे पाकीट बरोबर आणावे.